शेंडेनक्षत्राचें छायाचित्र

दसऱ्याच्या सायंकाळीं सीमोल्लंघन करावें, आपट्याचीं पानें वांटावीं आणि दिवेलागणीस घरीं परत यावें, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. सन २०२४ च्या दसऱ्यास, म्हणजे १२ ऑक्टोबरला, आम्ही वेशीबाहेर गेलों तों तेथेंच थांबलों. संत्र्याच्या एका बागेच्या बांधावर तिपाई रोवून, तिच्यावर कॅमेरा बसवून, पश्चिमेकडे तोंड करून आम्ही उभे होतों. येणारेजाणारे सोनें हातावर ठेवीत, आम्ही जिकडे पाहत होतों तिकडे क्षणभर पाहत, आणि कांहींच न दिसल्यामुळें पुढें निघून जात. त्यांत त्यांची चूक नव्हती. आम्हांसही कांहीं दिसत नव्हतें. क्षितिजावर परतीच्या पावसाच्या ढगांची एक काळसर पट्टी आडवी पसरली होती आणि आम्हांस हवा असलेला धूमकेतु तिच्यामागें केव्हांच मावळून गेला होता.

शेंदूरजनाघाट हें अमरावती जिल्ह्यांतील वरूड तालुक्याचें, सातपुड्याच्या पायथ्याचें गांव. भोंवतीं संत्र्याच्या बागा, संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका, उत्तरेस डोंगर आणि डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. मोठ्या शहरांतून आकाशाचा जो निकाल लागला आहे तो अजून येथें लागलेला नाहीं. गांवाचे दिवे पाठीशीं टाकून अर्धा कोस चाललें कीं तारे दिसतात. पश्चिमेची बाजू मात्र शोधावी लागते. कारण बागांचीं झाडें आणि बांधावरचे बाभूळ-निंब क्षितिजाचे पहिले चारपांच अंश झांकून टाकतात, आणि संधिप्रकाशांतल्या धूमकेतूचा सगळा संसार कधीं कधीं त्या चारपांच अंशांतच असतो.

या धूमकेतूचें नांव त्सुचिनशान-अॅटलास. ९ जानेवारी २०२३ रोजीं चीनमधील ‘जांभळा पर्वत’ या नांवाच्या वेधशाळेस तो प्रथम आढळला. पुढें फेब्रुवारींत दक्षिण आफ्रिकेंतील अॅटलास नांवाच्या दुर्बिणीनें त्यास स्वतंत्रपणें हेरलें. त्सुचिनशान म्हणजे तो जांभळा पर्वतच. २७ सप्टेंबर २०२४ रोजीं हा धूमकेतु सूर्यापासून सुमारें ५ कोटि ८५ लक्ष किलोमीटरांवरून, म्हणजे साधारण बुध सूर्यापासून जितका दूर असतो तितक्या अंतरावरून, वळसा घालून गेला, आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारें ७ कोटि किलोमीटरांवर आला. मध्यंतरीं जुलैमध्यें एका जाणत्या ज्योतिर्विदानें तो सूर्याजवळ पोंचण्यापूर्वींच फुटून नाहींसा होणार असें भाकीत केलें होतें. धूमकेतूनें तें मानलें नाहीं. पितृपंधरवड्यांत तो पहाटे पूर्वेस दिसूं लागला. बंगळूरकडील हौशी मंडळींनीं टिपलेलीं त्याचीं चित्रें घरोघरच्या मोबाईलवर फिरूं लागलीं. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे आकाश उघडेना. तर्पणासाठीं लौकर उठणाऱ्या मंडळींस आम्ही मुद्दाम सांगून ठेवलें होतें; त्यांनींही नकारार्थीं मान हालविली. तेव्हां राहिली ती सायंकाळ.

जुनीं माणसें धूमकेतूस शेंडेनक्षत्र म्हणतात. आमच्या घरांत हा शब्द आतां एकट्या आत्याबाईंच्या तोंडीं उरला आहे. पाऊणशें वर्षें ओलांडलेल्या आत्याबाईंनीं १९६५ सालीं, दिवाळी होऊन गेल्यावर, पहाटेस एक शेंडेनक्षत्र पाहिलें होतें. “सडा घालावयास अंगणांत गेलें आणि वर पाहिलें, तों पूर्वेकडे केरसुणी उभी करून ठेवावी तसें! घागर तशीच हातांत राहिली,” असें त्या सांगतात. तो इकेया-सेकी नांवाचा धूमकेतु. इकेया आणि सेकी या दोघां जपानी हौशी निरीक्षकांनीं एकमेकांस न कळत जवळजवळ एकाच वेळीं तो शोधला होता. २१ ऑक्टोबर १९६५ रोजीं तो सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लक्ष किलोमीटरांवरून गेला आणि भर दिवसाही दिसला. आतां आत्याबाईंचा डावा डोळा काचबिंदूनें गेला आहे; उजव्यानें वृत्तपत्राचे मथळे तेवढे वाचतां येतात, आणि गुडघ्यांमुळें बांधावर येणें तर शक्यच नाहीं. या वेळीं पुन्हां शेंडेनक्षत्र आलें आहे हें कळल्यावर त्यांनीं घरांतल्या सर्वांस मिळून एकच सांगितलें: “मला नेऊं नका, पण मला दाखवा.” आमच्या तिपाईचें आणि चिखलांतल्या येरझाऱ्यांचें खरें कारण हें होतें.

घरांत दुसराही सूर होता, तो लपविण्याचें कारण नाहीं. शेंडेनक्षत्र दिसलें कीं राजा जातो, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही पुरती गेलेली नाहीं. १९१० सालीं हॅलेचा धूमकेतु आकाशांत असतां ६ मे रोजीं सातवा एडवर्ड वारला. १९६५ च्या धूमकेतूनंतर दोनअडीच महिन्यांत लालबहादुर शास्त्री गेले. आणि २०२४ च्या ९ ऑक्टोबरला रतन टाटा निवर्तले तेव्हां शेजारच्या ओट्यावर हा संबंध जोडला गेलाच. आम्ही वाद घातला नाहीं. मोठीं माणसें धूमकेतु नसलेल्या वर्षींही जातात, एवढेंच म्हणालों. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत केतुचार नांवाचा अध्याय आहे. केतूचा उदय आणि अस्त गणितानें जाणतां येत नाहीं, असें त्यानें तेथें स्वच्छ सांगून टाकलें आहे. सहाव्या शतकांतल्या ज्योतिषाची ही कबुली आम्हांस त्याच्या समग्र फलादेशापेक्षां अधिक मोलाची वाटते. आज परिस्थिति नेमकी उलटली आहे. अमुक दिवशीं, अमुक वाजतां, अमुक गांवाहून धूमकेतु किती अंशांवर असेल हें मिनिटागणिक सांगतां येतें. तो दिसेल कसा, किती तेजस्वी असेल, हें मात्र अजूनही छातीठोकपणें कोणी सांगत नाहीं. तें जाऊन पाहावें लागतें.

आतां संधिप्रकाशाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण या छायाचित्रणांतली सर्व खुबी आणि सर्व मनस्ताप तेथेंच आहे. ऑक्टोबरच्या मध्यास आमच्या गांवीं सूर्य सहाला सातआठ मिनिटें असतां मावळतो. तो क्षितिजाखालीं सहा अंश जाईपर्यंत, म्हणजे वीसबावीस मिनिटें, शुक्राखेरीज फारसें कांहीं दिसत नाहीं. अठरा अंश खालीं गेला म्हणजे खरी रात्र होते. त्यास सव्वा तास लागतो. या सव्वा तासांत आकाश काळोखत जातें, पण त्याबरोबर धूमकेतूही खालीं उतरत असतो, साधारण चार मिनिटांस एक अंश या वेगानें. चित्र लौकर काढावें तर आकाशाच्या उजेडांत शेपटी बुडून जाते. उशिरां काढावें तर धूमकेतु क्षितिजाजवळच्या धुळीच्या आणि बाष्पाच्या थरांत शिरून तांबूस व मलूल होतो. दोहोंच्या मधलीं वीसपंचवीस मिनिटें काय तीं आपलीं. त्या वेळांत तिपाईचा स्क्रू शोधावयाचा नसतो, कीं कॅमेऱ्याची पुस्तिका वाचावयाची नसते.

सुदैवानें हा धूमकेतु सूर्यापासून दररोज पांचसहा अंशांनीं दूर सरकत होता. हात लांब करून मूठ धरली असतां तिची रुंदी सुमारें दहा अंश भरते, हें माप घरांतल्या मुलांनाही शिकवून ठेवण्यासारखें आहे. दसऱ्याच्या दिवशीं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानें धूमकेतु क्षितिजाच्या वर अर्धी मूठही नव्हता. दुसऱ्या दिवशीं जवळजवळ एक मूठ. आणि १४ तारखेस सूर्यास्तानंतर पाऊण तास लोटला तरी तो दीड मूठ वर होता. त्या दिवशीं त्यास शोधण्याची खूण फारच सोपी होती. डावीकडे नैर्ऋत्येस शुक्र, उजवीकडे वायव्येच्या बाजूस स्वातीचा तांबूस तारा, आणि दोहोंच्या अगदीं मधोमध धूमकेतु.

परंतु १३ तारखेची फजिती आधीं सांगितली पाहिजे. त्या सायंकाळीं ढग विरळ होते. साडेसहाच्या सुमारास धूमकेतु दिसलाही. आधीं दिसल्यासारखा वाटला, मग नाहींसा झाला, मग नजर किंचित् बाजूला वळवितांच पुन्हां आला. आम्ही घाईघाईनें कळ दाबूं लागलों. कॅमेऱ्याची नाभि आपोआप जुळते या भरंवशावर आम्ही होतों. अंधारांत तिला जुळवावयास कांहीं सांपडेना म्हणून भिंग पुढेंमागें घरघरत राहिलें आणि अखेर जवळच्या संत्र्याच्या फांदीवर स्थिरावलें. घरीं येऊन पाहतों तों चाळीस चित्रांत आंबिया बहाराचीं हिरवीं फळें उत्तम आलेलीं, आणि त्यांच्या मागें कापसाच्या बोंडासारखा एक पांढुरका ठिपका. आत्याबाईंनीं चित्र डोळ्याशीं धरलें आणि म्हणाल्या, “संत्रीं यंदा बरीं धरलीं आहेत.”

येथें १८५८ सालच्या एका गृहस्थाची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हांस राहवत नाहीं, कारण आमच्या दुसऱ्या दिवसाच्या धीराचें श्रेय त्यालाच आहे. धूमकेतूचें छायाचित्र जगांत प्रथम काढलें तें कोणा वेधशाळेनें नव्हे. इंग्लंडांतील सर्रे परगण्यांत वॉल्टन नांवाच्या खेड्याजवळ विल्यम अशरवुड नांवाचा छायाचित्रकार राहत असे. मूळचा तो लहान चित्रें रंगविणारा कारागीर. २७ सप्टेंबर १८५८ रोजीं त्यानें माणसांच्या तसबिरी काढण्याचा आपला कॅमेरा उघड्या माळावर नेला आणि सात सेकंद पडदा उघडा ठेवून डोनाटीच्या धूमकेतूचें चित्र टिपलें. दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेंत हार्वर्ड वेधशाळेच्या जॉर्ज बाँड यांनीं तोच प्रयत्न पंधरा इंच व्यासाच्या मोठ्या दुर्बिणीनें केला. सहा मिनिटें कांच उघडी ठेवूनही त्यांना धूमकेतूच्या मस्तकाचा मध्यभाग तेवढा मिळाला. शेपटीचा मागमूस नाहीं. खेड्यांतल्या तसबीरवाल्यास जें साधलें तें वेधशाळेस कां साधूं नये?

त्याचें उत्तर साधें आहे. ताऱ्याचें चित्र एका बिंदूंत सांठतें, म्हणून तेथें मोठी दुर्बीण उपयोगी पडते. धूमकेतूची शेपटी हा पसरलेला उजेड आहे. पसरलेल्या उजेडाचें चित्र किती लौकर उमटेल हें भिंगाची रुंदी त्याच्या नाभ्यंतराच्या मानानें किती आहे यावर अवलंबून असतें. अशरवुडच्या भिंगाचें नाभ्यंतर रुंदीच्या अवघें सुमारें अडीच पट होतें, कारण तसबिरीसाठीं बसलेला मनुष्य फार वेळ निश्चल बसत नाहीं आणि म्हणून तसबिरीचीं भिंगें मुद्दामच रुंद करीत. मोठ्या दुर्बिणीचें नाभ्यंतर त्या मानानें पुष्कळच लांब. अशरवुडचें तें चित्र आज उपलब्ध नाहीं. तें काढलें होतें एवढें तत्कालीन पत्रांवरून कळतें. त्याच्या चित्राची तारीख २७ सप्टेंबर आणि आमचा धूमकेतु सूर्याजवळून वळला तीही तारीख २७ सप्टेंबर, मध्यें १६६ वर्षें. या योगायोगास कांहीं अर्थ नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे, तरी तो लक्षांत आल्यावर आनंद झाला.

आमच्या घरीं एक जुनें पन्नास मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग आहे. लग्नामुंजींत मुलाबाळांचे फोटो काढण्यासाठीं तें घेतलेलें. त्याची रुंदी नाभ्यंतराच्या निम्म्याहून थोडी अधिकच, म्हणजे अशरवुडच्या जातीचेंच तें. बाजारांतल्या हातभर लांब भिंगाची हळहळ आम्हांस वाटत होती, ती या हकीकतीनें नाहींशी झाली.

सोमवारीं, १४ ऑक्टोबरला, आम्ही पावणेसहालाच बांधावर जाऊन बसलों. सूर्य पुरता मावळेपर्यंत कॅमेऱ्यावरचें झांकण काढलें नाहीं. भिंगांतून सूर्याकडे पाहणें हा आंधळेपणास दिलेला आमंत्रणाचा कागद आहे. शुक्र दिसतांच कॅमेऱ्याची आपोआप नाभि जुळविण्याची सोय बंद केली, मागच्या पडद्यावर शुक्र मोठा करून पाहिला, आणि भिंगाचें कडें हातानें फिरवून तो अगदीं लहान टिंबाएवढा होईल असें केलें. मग त्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकली. तीन रुपयांच्या त्या चिकटपट्टीनें आदल्या दिवशींचें सर्व पाप फेडलें. कळ हातानें दाबली तर कॅमेरा हालतो, म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप पडदा उघडण्याची योजना ठेवली. टॉर्चवर लाल पतंगी कागद गुंडाळला, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हां दिपत नाहींत.

सहा वाजून वीस मिनिटांनीं पाव सेकंदाचें पहिलें चित्र घेतलें. त्यांत शुक्र आणि झाडांचे शेंडे. साडेसहाला एक सेकंद; आकाश गर्द निळें, आणि मध्यें एक कापूस पिंजल्यासारखी रेघ. आयएसओ आठशेंवर कायम ठेवून आम्ही पडदा उघडा ठेवण्याचा काळ तेवढा वाढवीत गेलों. त्यालाही मर्यादा आहे. पृथ्वी फिरते आणि तिच्याबरोबर कॅमेराही. म्हणून पडदा फार वेळ उघडा राहिला तर ताऱ्यांच्या रेघा होतात. पांचशेंस भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावें आणि जो आंकडा येईल तितक्या सेकंदांच्या पुढें जाऊं नये, असा एक ठोकताळा आहे. पन्नासाच्या भिंगास त्यानें दहा सेकंद मिळतात. आमचा अनुभव असा कीं त्याच्या निम्म्यावर थांबलेलें बरें. सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनीं तीन सेकंदांचें जें चित्र आलें तेंच शेवटीं सर्वांत उत्तम ठरलें.

याच सुमारास शेजारच्या बागेचा रखवालदार काठी आपटीत आला. “काहून जी, इतं अंधारात काय मांडलं?” आम्ही त्यास कॅमेऱ्याच्या पडद्यावरचें चित्र दाखविलें. “थो त ईमानाचा धूर व्हय जी,” त्यानें निकाल दिला. विमानाचा धूर इतका वेळ एका जागीं राहतो का, असें आम्ही विचारलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग काठीनें नेमकी दिशा दाखवून म्हणाला, “नाई राहत. अन् थो पाहा न, लांब गेला हाय, त्या निंबाच्याई वर.” त्याच्या डोळ्यांस शेपटी आमच्यापेक्षां दुप्पट लांब दिसत होती. रोज अंधारांत वावरणाऱ्या डोळ्यांची ती करामत. आम्ही आतांपर्यंत पडद्याच्या उजेडाकडे पाहत होतों, आकाशाकडे नव्हे, हें तेव्हां ध्यानांत आलें, आणि पुढचीं पांच मिनिटें कॅमेरा तसाच ठेवून नुसतें पाहत राहिलों.

आमच्या पुतण्यानें आणलेल्या मोबाईलचीही गोष्ट नमूद करावी. त्यानें तो विहिरीच्या कठड्यावर दगडाला टेकवून ठेवला, रात्रीच्या फोटोची सोय निवडली, दहा सेकंदांचा गजर लावला आणि हात काढून घेतला. धूमकेतु लहान आला, पण निःसंशय आला, आणि खालीं बागेची कडा व सातपुड्याची एक सोंड यांसह आला. ज्यांच्यापाशीं दुसरें साधन नाहीं त्यांनीं खंत करूं नये. हात मात्र लावूं नये. मोबाईल हातांत धरून वर करणाऱ्या चारसहा मुलांना त्या दिवशीं काळ्या पाटीखेरीज कांहीं मिळालें नाहीं.

घरीं येऊन संगणकावर तें तीन सेकंदांचें चित्र मोठें केलें तेव्हां एक अनपेक्षित गोष्ट आढळली. शेपटी वर, सूर्याच्या उलट दिशेस, हें ठीकच. परंतु मस्तकाच्या खालच्या बाजूस, सूर्याकडे रोखलेली, एक अत्यंत पुसट आणि बारीक रेघ होती. प्रथम तो भिंगाचा दोष वाटला. पुढच्यामागच्या सर्व चित्रांत ती त्याच जागीं पाहून खात्री झाली. १४ ऑक्टोबरला पृथ्वी या धूमकेतूच्या कक्षेच्या पातळींतून ओलांडून जात होती. धूमकेतूनें मागें सांडलेली धूळ त्या पातळींत पातळ थरासारखी पसरलेली असते. ती समोरून पाहिली तर दिसत नाहीं, पण कडेनें पाहिली तर सगळी एका रेघेंत दाटून दिसते, जशी ताटाची कड. म्हणून तेवढे दोनचार दिवस धूमकेतूस सूर्याकडे वळलेलें दुसरें शेपूट फुटल्याचा भास होतो. आम्ही तें टिपावयास गेलों नव्हतों. तें आपण होऊन आलें.

याच प्रकारें आपण होऊन आलेल्या गोष्टींनीं ज्योतिषाचें पुष्कळ काम केलें आहे. १८८२ च्या महाधूमकेतूच्या वेळीं आफ्रिकेच्या केप वेधशाळेचे डेव्हिड गिल यांनीं मोब्रे गांवच्या अॅलिस या धंदेवाईक छायाचित्रकारास बोलावून त्याचा कॅमेरा आपल्या दुर्बिणीच्या पाठीवर बांधला. धूमकेतूचीं चित्रें सुरेख आलीं, पण गिल यांची नजर गेली ती मागच्या असंख्य ताऱ्यांवर. तारे मोजावयाचे तर डोळ्यांनीं कां, कांचेवरच मोजूं, ही कल्पना त्यांना तेथून सुचली आणि तीतून पुढें ४,५४,८७५ ताऱ्यांची सूचि तयार झाली. आपल्याकडील वेणू बाप्पू हे १९४९ सालीं हार्वर्डला विद्यार्थी असतां आकाशाच्या एका कांचेवर त्यांना नवा धूमकेतु आढळला. बोक आणि न्यूकर्क या सहकाऱ्यांच्या नांवांबरोबर त्यास बाप्पूंचेंही नांव मिळालें. पुण्यास १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांस आकाश दाखवीत आहे. अशा संस्थेच्या मंडळींबरोबर एक रात्र घालविली तर आमच्या १३ तारखेसारखी फजिती पुष्कळांची टळेल.

एका गोष्टीबद्दल मात्र तक्रार करावीशी वाटते. त्या पंधरवड्यांत आमच्या मोबाईलवर धूमकेतूचीं जीं चित्रें आलीं त्यांपैकीं कांहींत तो उत्तरेकडे तोंड असलेल्या देवळाच्या शिखरामागें, कांहींत पूर्ण चंद्राच्या शेजारीं, तर एकांत समुद्रावर हात टेकल्यासारखा होता. एका ठिकाणचा धूमकेतु उचलून दुसऱ्या ठिकाणच्या देवळावर ठेवणें आतां मुलांच्या हातचा खेळ झालें आहे. करमणूक म्हणून असो. पण त्याखालीं तारीख, वेळ आणि गांव नसतें, आणि ज्या चित्राखालीं हीं तीन नाहींत तें कितीही देखणें असलें तरी आम्ही तें जपून ठेवणार नाहीं. उजेड वाढवावा, डाग पुसावे, इथपर्यंत ठीक. जागा बदलूं नये. धूमकेतूचा परतण्याचा काळ ऐंशीं हजार वर्षें असल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें; त्या आंकड्यासही फारसा अर्थ नाहीं. त्याची कक्षा इतकी लांबट आहे कीं तो बहुधा परत येणारच नाहीं.

कोजागिरीस गच्चीवर दूध आटवीत असतां धूमकेतु होता, पण चांदण्यानें त्याला पुसून टाकलें होतें. घरच्या पाहुण्यांस आम्ही पश्चिमेकडे बोट दाखवून नुसतें सांगितलें. खरी शेपटी पाहावयाची तर चंद्र उगवण्याआधींचा अंधार हवा. तो २० तारखेस मिळाला. त्या दिवशीं संकष्टी होती, आणि संकष्टीचा चंद्रोदय आठ वाजून गेल्यावर असल्याचें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत छापलेलेंच होतें. सातला रात्र पुरी झाली, आठनंतर चंद्र. मध्यें एक तास निखळ काळोख. उपास करणाऱ्या मंडळींचें लक्ष पूर्वेकडे आणि आमचें पश्चिमेकडे, असा तो तास गेला. धूमकेतु आतां बराच मंद झाला होता, पण तीन मुठी वर चढला होता, आणि पांच सेकंदांच्या चित्रांत त्याची शेपटी चौकटींतून बाहेर गेली. डोळ्यांना ती जेमतेम वीतभर दिसली.

आत्याबाईंसाठीं आम्ही १४ तारखेचेंच चित्र निवडलें आणि वरूडास जाऊन तें हातभर मोठें छापून आणलें. सकाळच्या उन्हांत खिडकीशीं बसून त्यांनीं तें उजव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरलें आणि डावीकडून उजवीकडे, वरून खालीं असें पुष्कळ वेळ फिरविलें. “सूर्य कोणीकडे?” त्यांनीं विचारलें. खालीं, असें सांगितलें. “मग बरोबर. आमच्याही वेळीं शेपूट वरच होतें.” आणखी थोडा वेळ पाहून त्या म्हणाल्या, “पण हें बारीक आहे. आमचें याहून मोठें होतें.” यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें, कारण इकेया-सेकी खरोखरच याहून मोठा होता. मागें तारीख, वेळ आणि गांवाचें नांव लिहिलेलें त्यांनीं वाचून घेतलें. इंग्रजी तारखेखालीं शके १९४६ लिहावयास लावलें. पंचांग मागवून तिथीही स्वतः सांगितली. मग चित्र देवघराच्या बाहेरच्या भिंतीस टेकवून ठेवा म्हणाल्या, म्हणजे जातांयेतां दिसेल.

“आणि दिवाळींत दुसरें येणार म्हणतात तें?” त्यांनीं विचारलें. दुसरा एक धूमकेतु २७ सप्टेंबरलाच सांपडला होता आणि ऑक्टोबरअखेर सूर्याच्या फार जवळून जाणार होता, ही बातमी त्यांच्या कानांवर आली होती. आम्ही तिपाई दाराआडच उभी करून ठेवली. तो २८ ऑक्टोबरला सूर्याजवळून जातांना विरघळून नाहींसा झाला.